रेडिएटरातलं पंचामृत

खरं बोलली असती तर विजयमालेला काय मिळालं असतं, ते आधी मांडून घेऊ. नवरा मिळाला असता, घर राहिलं असतं, आणि निम्म्या मलकापूरसमोर अंगणात जी शोभा चालली होती ती तिथल्या तिथं थांबली असती. खोटं बोलून मिळणार होतं ते शून्य! पण संतापलेल्या माणसाला बेरीज येत नाही, आणि शेहेचाळीस सालच्या त्या दसऱ्याला विजयमालेचा संताप आठ महिन्यांचा साचलेला होता.

अंगणाच्या तोंडाशी लष्करी ट्रक उभा होता... दहा माणसांनी ढकलत परत आणलेला, तोंडातून वाफ सोडणारा, उतू गेलेल्या दुधासारखा करपट वास मारणारा! त्याच्यापुढं तिचा नवरा हंबीरराव, अंगात इस्त्रीची खाकी, तळहातावर दह्याच्या गुठळ्या, केळ्याचे शिजलेले काप आणि एक तुळशीचं पान.

"रेडिएटरात हे कुणी ओतलं?"

"हंबीरराव, ही गाडी न्हवं रं गड्या," गर्दीतून जोतिबा ओरडला, "बासुंदीची कढई हाय!" आणि माणसं पोट धरून हसली.

हा ट्रक म्हणजे हंबीररावाची हौस. लढाईत पाच वर्षं त्यानं असलाच ट्रक चालवला होता. सुटून आला, तो पुण्याकडच्या लिलावातून हे मेलेलं धूड घेऊन. कऱ्हाडच्या स्टेशनावरून चार बैलजोड्यांनी ओढून आणलं. भाड्याला लावायचं म्हणावं तर परवाना नाही, पेट्रोल रेशनवर! तरी आठ महिने रोज पहाट झाली की हा माणूस बॉनेट उघडून तेल बघायचा, पाणी बघायचा, चाकांवर कान लावून टकटक करायचा. "पाच वर्षं वाट बघितली, त्या माझ्याकडं कवा बघणार?" असं विजयमालेनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "पान्हा दे." तेव्हा ती भर अंगणात म्हणाली होती, "एक दिस याच्या पोटात गूळ ओतीन!" ते साऱ्या आळीनं ऐकलं होतं.

आज ट्रक पहिल्यांदा शिलंगणाला निघायचा होता. सुवासिनींनी ओवाळलं. चंद्राबाई, हंबीररावाची आई, मागं भिंतीला चिकटून उभी होती. विधवेनं नव्या गाडीपुढं यायचं नसतं. मग हंबीरराव कपडे बदलायला आत गेला, बायका पांगल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून विजयमालेनं पाहिलं... म्हातारी पंचामृताचे दोन तांबे घेऊन हळूच आली, लेकाला रोज बघून शिकली होती तसं झाकण फिरवलं, आणि ओतलं. त्या यंत्रानं आपला लेक लढाईतून जिवंत परत आणला, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्याला ओवाळता येत नाही, तर निदान गोड घोट! विजयमालेला हसू आलं होतं. पाण्यात पाणी, काय होतंय? मैलभरावर जाळी तुंबली, इंजिन तापलं आणि त्याच्या माथ्यावरचं लोखंडी हेड तडकलं.

"मी इचारतोय, कुणी?"

विजयमालेनं सासूकडं पाहिलं. म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला होता. एक्केचाळीस साली हीच बाई रागात लेकाला "तोंड काळं कर" म्हणाली होती, आणि लेक त्याच पावली साताऱ्याला जाऊन भरती झाला होता. पुढं पाच वर्षं, पोस्टमन आळीत शिरला की ती उंबऱ्यात मटकन बसायची, आणि तिला पाणी पाजायची ती विजयमाला! आता ही कबूल झाली तर लेक जाईल, आणि गाव म्हणेल, रांडमुंड बाईचा हात लागला, म्हणून इंजिन फुटलं.

"मी ओतलं," विजयमाला म्हणाली.

"चुकून?"

इथं नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण त्याचे डोळे! त्यात प्रश्न नव्हताच, निकाल होता... आठ महिन्यांत हा माणूस पहिल्यांदा आपल्याकडं नीट बघतोय आणि तो असा!

"न्हाई, मुद्दाम! त्याच्यावर लय जीव तुमचा, म्हटलं त्याला पंगतीला बसवावं."

"आत्ताच्या आत्ता माहेरचा रस्ता धर!"

ती चंद्राबाईजवळून गेली तेव्हा क्षणभर थांबली. एक शब्द... फक्त एक! म्हातारीनं पदर तोंडात कोंबला आणि मान फिरवली. नवऱ्याच्या त्या ओरडण्याहून ही फिरलेली मान विजयमालेला जास्त झोंबली.

माहेर सांगलीजवळ हरिपूरला, हळदीच्या पेवांचं गाव. आबांनी लेकीला एक शब्द विचारला नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. हळद निवडता निवडता ती मनात सासूला रोज फाडून खायची. तिच्या शेजारी बसायची धाकटी बहीण बनुबाई. बनुबाईचं मिरजेला जमलं होतं. मुलगा रेल्वेत, स्वभावानं गरीब. बघायला आला तेव्हा पोह्यांत मीठ नव्हतं, तरी "बेस झाल्यात" म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर बनुबाई महिनाभर गात होती. पौषात मिरजेहून निरोप आला. थोरली नवऱ्यानं टाकलेली, मशिनीची नासधूस करणारी. त्या घरची पोर नको.

"आक्का, तू खरंच केलंस?" बनुबाईनं विचारलं.

विजयमालेनं हळदीचं सूप पुढं ओढलं; इथं बोललेलं मलकापूरला पोचायला दोन दिवस लागले नसते. बनुबाईनं पुन्हा विचारलं नाही, आणि गायचीही बंद झाली.

फाल्गुनात एके दुपारी गावात घरघर ऐकू आली. तोच ट्रक! हंबीरराव उतरला, मागून चंद्राबाई. ती आली ती थेट सुनेच्या पायाशी कोसळली.

"मारलंस तरी चालंल पोरी! ह्यानं नवं हेड बसिवलं आन् झाकनाला कुलूप घातलं. म्हनला, आये, आता त्या बाईचं भ्या न्हाई. माझं काळीज फाटलं गं! म्हटलं, कुलूप माझ्या हाताला घाल, मीच ती!"

"पाच महिनं लागलं, आत्याबाई?" विजयमालेनं पाय मागं ओढून घेतले. "कुलूप बघूस्तवर तोंड उघडलं न्हाई?"

"चुकलं, विजू," हंबीरराव खाली मान घालून म्हणाला. "मलकापुरात चावडीम्होरं आयनं समद्यांसमोर सांगितलंय. मी कुटं गेलो न्हाई तिला सोडून. आता घरला चल. पायजे तर हा ट्रक भंगारात घालतो."

"ट्रकानं काय घोडं मारलंय? त्याला कुणी इचारलं होतं का?" इतक्या महिन्यांचं पाणी तिच्या डोळ्यांतून एकदम वाहू लागलं. "येते मी. पर आधी ह्याच गाडीतनं मिरजेला चला, दोघं बी. ज्यांनी बनूचं लगीन मोडलं त्यांच्या दारात सांगा!"

ते गेले. बनुबाईला पुढं बसवून गेले, तिची पहिलीच मोटार. मिरजेच्या त्या दारात खाकीतला हंबीरराव हात जोडून उभा राहिला, चंद्राबाईनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलाच्या बापानं ऐकून घेतलं, गुळाचा खडा नि पाणी दिलं, अगदी सभ्यपणानं. म्हणाला, "लय वाईट वाटलं बघा. पर पोराचा साखरपुडा मागल्या सोमवारी झाला. आता त्या पोरीचा काय दोष?"

आतल्या दारात तो मुलगा उभा होता. त्यानं एकदा बनुबाईकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं.

ट्रक परत फिरला. "बनू, मी तवाच बोलले असते तर..." विजयमालेनं तिचा हात धरला. बनुबाईनं तो हळूच सोडवून घेतला.

"तू लय चांगली हायस आक्का," ती म्हणाली. "समदी म्हनत्यात."

चंद्राबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. हंबीररावाला आई राहिली, बायको परत मिळाली. विजयमालेला घर मिळालं, वर थोर मनाची सून हे नावही मिळालं. किंमत भरली ती बनुबाईनं, जिनं तो ट्रक त्या दुपारपर्यंत डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.