गाडी तुझी

डेपोत त्याला सगळे मौनी म्हणायचे. जन्मला तेव्हा तरी रडला होता का, असं त्याच्या बायकोनं एकदा सासूला विचारलं होतं, आणि सासूनंही जरा आठवूनच उत्तर दिलं होतं. माणूस मात्र कामाचा. गाडी अशी चालवायचा की मागच्या बाकावरच्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं व्हायचं नाही.

डेपो चढावर होता, आणि तिथं एक रीत होती. फार पूर्वी पाळी बदलताना एक गाडी मागं घरंगळली आणि थेट कॅन्टीनच्या भिंतीत घुसली. दोन्ही ड्रायव्हर शपथेवर सांगत होते की ब्रेक दुसऱ्याकडे होता. नशिबानं माणूस कुणी गेला नाही, भिंत तेवढी गेली. तेव्हापासून उतरणाऱ्यानं स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचं, "गाडी तुझी." चढणाऱ्यानं "माझी" म्हटल्याशिवाय हात उचलायचा नाही. आणि मागून घ्यायची नाही गाडी, ज्याच्याकडे आहे त्यानंच द्यायची. हे अंगात इतकं मुरलं होतं की लेक तान्ही असताना मौनी तिला बायकोच्या हातात देतानाही "तुझी" म्हणायचा आणि ती "माझी" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. बायको हसून म्हणायची, "अहो, पोर आहे ती, बस नव्हे."

ती लेक आता चौथीत होती. शाळा घाटापलीकडच्या गावात, आणि सकाळची घाटातली फेरी बापाचीच. ड्रायव्हरच्या केबिनमागच्या पहिल्या बाकावर ती बसायची, दप्तर मांडीवर घेऊन, वरच्या आरशातून बापाकडे बघत. बाप बोलायचा नाही, पण आरशातून एकदा भुवई उडवायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

पुढं ड्रायव्हर कमी पडू लागले. काही निवृत्त झाले, काही सोडून गेले, नवे कुणी येईनात. डेपोतला टाइमकीपर रोज मौनीलाच गाठायचा. "एवढी एक फेरी मार रे. तू काही नाही म्हणणार नाहीस." खरंच म्हणायचा नाही. बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, तसलं त्याचं झालं होतं. एक पाळी संपली की दुसरी. घरी यायचा तो अंघोळीपुरता. डोळ्याला डोळा लागतोय तोवर पुन्हा गजर.

जागं राहायची गोळी त्याला डेपोबाहेरच्या पंक्चरवाल्याकडे मिळाली. ड्रायव्हर तिला बटण म्हणत. "बटण दाबलं का?" असं एकमेकांना विचारत, हसत, पाठीवर थाप मारत. निम्मा डेपो बटणावर चालत होता आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त कुणी म्हणत नव्हतं. बटण दाबलं की झोप पळायची, रस्ता काचेसारखा स्वच्छ दिसायचा. भूकही पळायची, ते जाऊ दे. पण हळूहळू एकाचं भागेना. जबडा आपोआप हलू लागला. हात थरथरू लागले. घाटातल्या दगडांना तोंडं दिसू लागली.

कंडक्टर बाईनं ते ओळखलं होतं. तिच्या थोरल्या भावाची राख तिनं असल्याच नादापायी उचलली होती. एकदा तिकिटं फाडता फाडता ती केबिनपाशी येऊन हळूच म्हणाली, "दादा, डोळे बघा तुमचे. आरसा आहे की समोर."

मौनीनं आरशात पाहिलं. मागं लेक बसली होती. तिनं भुवई उडवली. त्याला उलट उडवता आली नाही, कारण चेहरा ऐकतच नव्हता.

त्याच आठवड्यात पंक्चरवाल्याचं दुकान बंद झालं. कुणी म्हणे गावी गेला, कुणी म्हणे उचलला. बटणं संपली. मौनी सलग पाळ्या करून सकाळच्या फेरीला बसला तेव्हा त्याच्या डोक्यात कुणीतरी ओली पोती रचून ठेवल्यासारखं वाटत होतं. त्यानं खिडकी उघडली, तोंडावर पाणी मारलं, मांडीला चिमटे काढले. लेक चढली. नर्सबाया चढल्या, कारखान्याचे लोक चढले, गाडी गच्च भरली. बाईनं डबल बेल दिली.

घाटाच्या वरच्या अंगाला, जिथं एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा आहे, तिथं त्याला समोर डेपो दिसला. अगदी लख्ख. कॅन्टीनची भिंत, पाण्याची टाकी, फाटकावरचा दिवा. पाळी संपली म्हणायची, असं त्याला वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बदलीचा ड्रायव्हर दारापाशी येऊन उभाच होता. चेहरा काही दिसला नाही, उन्हाच्या आड होता.

मौनी म्हणाला, "गाडी तुझी."

"माझी."

मौनीनं हात उचलला.

त्याला जाग आली ती शाळेच्या थांब्यावर. गाडी कडेला नीट लावलेली, ब्रेक ओढलेला, गियर काढलेला. उन्हं वर आली होती. त्याचे हात मांडीवर होते. उतरणारी माणसं केबिनपाशी थांबून थांबून जात होती.

"मजा आली बुवा आज," एक नर्स म्हणाली.

"असा ड्रायव्हर मिळायला भाग्य लागतं," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

मौनीनं आपल्या हातांकडे पाहिलं. तो वळला. लेक दप्तर पाठीला लावत होती, गाल लाल झालेले, डोळे चमकत होते.

"बाबा, किती छान गोष्ट सांगितलीत! उद्या पुढची सांगायची हं."

ती उडी मारून उतरली. कंडक्टर बाई मागून आली, पदरानं डोळे टिपत. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांत. "दादा, तुम्हाला एवढं बोलता येतं आणि इतकी वर्षं आमच्याशी गप्प? अख्खी गाडी हसवलीत की हो. आणि वळणं काय घेतलीत! पाण्यावरून होडी जावी तशी."

मौनी खाली उतरला, गाडीमागं गेला आणि चाकाला टेकून बसला. मग तो रडला. आधी भीतीनं रडला, आणि नंतर, खरं सांगायचं तर, उपकारानं. काळ आला होता, पण कुणीतरी मध्ये पडलं होतं. कोण, ते त्याला माहीत नव्हतं. अख्खी गाडी आणि त्याची एकुलती एक लेक कड्यापलीकडच्या हवेवरून कुणीतरी सुखरूप आणून उतरवली होती. त्यानं चाकावर डोकं टेकलं आणि मनातल्या मनात ज्याला कुणाला ऐकू जाईल त्याला हात जोडले.

परतीची फेरी त्यानं घेतलीच नाही. बाईला म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर मागव. मी नशेत आहे." इतकं लांब वाक्य तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता. मग तिनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याला प्यायला दिलं आणि म्हणाली, "माझ्या भावानं एवढं एक वाक्य म्हटलं असतं ना, दादा."

डेपोच्या साहेबांसमोर त्यानं सगळं सांगितलं, त्या "माझी" म्हणणाऱ्या आवाजाचं सोडून. नोकरी जाणार असं धरूनच गेला होता. साहेब पाळ्यांच्या तक्त्याकडे बघत म्हणाले, "तुला दोन-दोन पाळ्या देणारे आम्हीच की रे." त्यांनी त्याला गाडीवरून उतरवलं, व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं, आणि सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी लावली. डबल पाळी बंद झाली. काही जण मौनीवर दात खाऊन होते. पण त्यांच्या बायका त्याच्या बायकोला रस्त्यात गाठून हात धरायच्या.

केंद्रातले दिवस वाईट गेले. घाम, उलट्या, अंगावर मुंग्या चालल्याचा भास. मग एके दिवशी झोप आली. झोपला की उठायचा नाही, आणि उठला की भूक. बायको भेटायला आली तेव्हा तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "तुझा." तिनं इकडंतिकडं पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "माझा."

त्याच्या जागी आलेला बदली ड्रायव्हर मात्र वैतागला होता. जुना, अंगापिंडानं आडदांड, सगळे त्याला पैलवान म्हणत. तो मौनीला भेटायला आला, खुर्ची ओढून बसला आणि उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिला.

"तुझी ती गाडी," तो शेवटी म्हणाला. "बिघाड काही नाही. वर्कशॉपनं दोनदा उघडून पाहिली."

"मग?"

"मी वळवायच्या आधी वळते रे." पैलवान स्वतःच्या पंजांकडे बघत होता. "आणि बरोबर वळते. माझ्यापेक्षा बरोबर. लोक खूश आहेत, उतरताना आशीर्वाद देतात. मला का देतात, तेच कळत नाही. मी तर नुसता बसलेला असतो."

त्यानं मौनीकडे पाहिलं. "तू ही गाडी कुणाला दिली होतीस का?"

मौनीनं उत्तर दिलं नाही. सवयच होती त्याची, म्हणून पैलवानानंही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरा मार्ग मागून घेतला.

मौनी बरा झाला. डॉक्टरांनी तपासून कागद दिला, साहेबांनी पाठ थोपटली. कामावर रुजू व्हायच्या दिवशी तो लवकर डेपोत गेला. उन्हात गाडी धुऊन उभी होती, टायरांवरून पाणी ठिबकत होतं. आत कुणी नव्हतं. तो दारापाशी उभा राहिला.

"तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत," तो म्हणाला. "माझी लेक आहे ती तुमच्यामुळं. आता मी बरा आहे. आता द्या."

रीत अशी होती की ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं आधी म्हणायचं. मौनी "तुझी" ऐकायला थांबला. टपावरून पाणी गळत राहिलं. कॅन्टीनमध्ये कपबशा वाजत होत्या. बराच वेळ थांबून तो स्वतःच चढला, सीटवर बसला आणि स्टिअरिंग धरलं. सीट ऊबदार होती. ऊन होतं म्हणा, खिडकीतून येत होतं.

लेक धावतच चढली. किती तरी दिवसांनी ती बापाच्या गाडीत बसत होती. कंडक्टर बाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आले बरं का आपले दादा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मौनीचे कान लाल झाले. एवढं सुख त्याला सोसवत नव्हतं. डोकं स्वच्छ होतं. हात स्थिर होते. रात्रभर गाढ झोपून आला होता तो.

घाट लागला. त्यानं गियर टाकला आणि इंजिनानं नेहमीसारखा सूर धरला. पहिलं वळण त्यानं घेतलं. दुसरं घेतलं. घेतलं, असं त्याला वाटलं.

वरच्या अंगाला आल्यावर त्याला कळलं की आपण अजून वळवलेलं नाही आणि गाडी वळते आहे.

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. ते त्याच्या पंजांतून सावकाश फिरत गेलं, जोर न लावता, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसं. त्यानं ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक दबला, पण गाडीनं आपला वेग आपल्याला हवा तसाच कमी केला.

"द्या," तो म्हणाला. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

मागं माणसं हसली. सगळी एकदम, कुणीतरी झकास काही बोलल्यासारखी. बाईचं हसणं त्यानं ओळखलं. काय बोललं गेलं, ते मात्र त्याला ऐकू आलं नाही.

गाडी कड्याच्या अंगानं अलगद उतरली. एकही खड्डा लागला नाही.

शाळेच्या थांब्यावर ती उभी राहिली, कडेला, अगदी नीट. माणसं आभार मानत उतरली. मौनी ताठ बसला होता, डोळे टक्क उघडे, एकेकाच्या तोंडाकडे बघत. एकाचीही नजर त्याच्या नजरेला भिडली नाही.

शेवटी लेक आली. केबिनच्या दांडीला धरून ती थांबली. तिनं बापाकडे पाहिलं, खूप मायेनं. मग नजर जराशी वर नेली आणि आवाज अगदी हळू केला.

"काका, बाबांना उठवू नका हं. झोपू दे त्यांना."