काचेतलं दार

तिच्या धाकट्या मावशीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. घरचे सगळे लग्नाच्या खरेदीला गेलेले, म्हणून वडिलांच्या फ्रेमच्या दुकानात ती एकटीच पट्ट्या कापत बसली होती. तेवढ्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर प्रदर्शनात लावायचं एक चित्र काखेत घेऊन आला. कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला.

चित्रात एक टेबल, त्यावर दोन कप आणि पलीकडे सताड उघडं दार. दाराबाहेर नुसता गडद काळा रंग.

"यात माणूस कुठाय?"

"बघणाऱ्यानं शोधायचा."

"सांगितलंत तर पेंटरकी कमी होते वाटतं?"

तो हसला. "दिवसभर सांगतोच की हो... इथे चपला मिळतात, इथे दात काढतात. चित्रात तरी गप्प बसू द्या. काच मात्र साधी लावा, चकाकणारी."

"त्यात बघणाऱ्याचंच तोंड दिसेल."

"दिसू दे की—" म्हणत त्यानं असं पाहिलं, की तिची पट्टी बोटभर आखूड कापली गेली.

मग कोपरे नीट बसले का, हे बघायला तो रोज येऊ लागला. फ्रेमला कोपरे चार. तो अकरा वेळा आला. मावशीच्या लग्नापेक्षा तिला त्याच्या प्रदर्शनाचीच घाई झाली.

प्रदर्शनात चित्रांना नावं नव्हती. प्रत्येकाखाली कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. दिसेल ते लिहा. दाराच्या चित्राखाली कुणीतरी 'गार झालेला चहा' लिहून गेलं होतं. ती हसली आणि सवयीनं बाजूला सरकली. काचेची चकाकी टाळायला फ्रेमवाले कडेनंच बघतात. दोन कप, उघडं दार... म्हणजे याची कुणीतरी होती! अजून तिचा कप याला उचलवत नाही. तिनं पेन्सिल उचलली. तिनं लिहिलं, 'ती गेली. परत यायची नाही.'

त्यानं वाचलं. चेहरा उतरला.

"तुम्हाला... हे दिसलं?"

"हो. चुकलं का?"

चिठ्ठीची घडी घालत तो म्हणाला, "चित्रात चूक-बरोबर नसतं."

चिठ्ठी खिशात घालून तो गेला, तो गावातूनच गेला. 'ती कोण?' एवढं विचारायचं तिच्या जिभेवरच राहिलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. संसार चांगला झाला, वडिलांचं दुकानही पुढे तिनंच सांभाळलं.

मावशीच्या नातीचं लग्न ठरलं त्या वर्षी एक म्हातारी तेच चित्र घेऊन दुकानात आली. काच तडकली होती.

"माझ्या दादाचं आहे. म्हणायचा, समोर उभी राहील ती या दारात दिसते. एकीला घरात बोलवायचं होतं म्हणे त्याला. मी म्हणायचे, अरे, तोंडानं बोलवायचं! तर म्हणे, मी सांगितलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं... तिला आपणहून दिसायला हवं होतं."

तिनं नवी काच बसवली, पुसली आणि या वेळी बरोबर समोर उभी राहिली. दोन कपांच्या पलीकडे, काळ्या दारात, पांढऱ्या केसांची एक बाई आत यायला उभी होती.

पेंटर मागच्या महिन्यात, सात तारखेला सकाळी वारला होता.