काटा उतरेपर्यंत

ही घटना खरी आहे. सुखदाने ती आजवर मोजक्या माणसांना सांगितली आणि प्रत्येकाने तिला एकच विचारलं, की तेव्हा तुझी झोप नीट होत होती ना? होत होती. ती थकलेली होती, वैतागलेली होती, वडील जाऊन चार महिने झाले होते, हे सगळं कबूल. पण जे पाहिलं, ते तिने पूर्ण शुद्धीत पाहिलं.

मागच्या डिसेंबरातली दत्तजयंतीची संध्याकाळ. पिंपळे गुरव.

ती ऑफिसमधून आली तेव्हा दाराला कुलूप होतं. आपल्या चावीने तिने दार उघडलं. देवापाशी दिवा लागलेला नव्हता. आईचा फोन टेबलावरच होता.

आईच्या चपला मात्र नव्हत्या.

शेजारी इंदुताईंकडे विचारलं. गच्ची पाहिली. कोपऱ्यावरच्या दत्तमंदिरातल्या रांगेत शोधलं. शेवटी ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरली. तिथे अगदी शेवटच्या खांबाआड बाबांची गाडी उभी असायची. ते गेल्यापासून कुणी ती फारशी हलवली नव्हती.

गाडीच्या आत... उजेड होता.

आई पुढच्या डाव्या सीटवर बसली होती. हात मांडीवर. नजर समोरच्या स्टिरिओवर.

त्या स्टिरिओची गोष्ट आधी सांगायला हवी. प्रभाकर, म्हणजे सुखदाचे बाबा, चाकणच्या एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गाडीतला मूळचा रेडिओ काढून त्यांनी मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतला होता, पण गाण्यांसाठी नव्हे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला काड्यापेटीएवढी एक डबी खोचायची. ती इंजिनचे आकडे वाचते आणि ब्लूटूथने स्टिरिओला पाठवते. मग स्क्रीनवर गोल तबकड्या उमटतात. इंजिनाचे फेरे, कूलंटचं तापमान, बॅटरीचा व्होल्टेज. सगळं त्या क्षणाचं, चालू.

कंपनीत पूर्ण लोडवर पळवलेलं इंजिन कधीच एकदम बंद करत नाहीत. आधी तसंच हळू फिरू देतात, थंडावू देतात. बाबांनी तो नियम घरी आणला होता. गाडी पार्क झाली तरी कुणी उतरायचं नाही. तापमानाचा काटा खाली येईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून राहायचं. पिशव्या मांडीवर, भाजीच्या पिशवीतलं दही पाझरतंय, सुखदाच्या भावाला, सलिलला, लघवीला लागलीय, तरी बसायचं. सलिल मागून म्हणायचा, "पायलटसाहेब, झालं का लँडिंग?" बाबा बोट वर करायचे. थांब.

ऑगस्टमध्ये कंपनीतच, इंजिन चालवून तपासतात त्या टेस्ट बेडशेजारी, ते कोसळले. गाडी त्यांचे सहकारी सोपानराव घरी आणून लावून गेले.

आता सुखदाने गाडीचं दार उघडलं. तिने आईला काही विचारायच्या आत तिची नजर स्क्रीनवर गेली.

तबकड्या चालू होत्या.

फेरे आठशे. तापमानाचा काटा पार वर, लाल पट्टीच्या तोंडाशी.

पण आवाज नव्हता.

इंजिनाची घरघर नाही. सीटला थरथर नाही. चावी आईच्या मुठीत होती. सुखदाने पुढे जाऊन बॉनेटवर हात ठेवला. पत्रा थंडगार... रात्रभर दवात राहिल्यासारखा.

"आई, हे काय चाललंय?"

"थांब," आई म्हणाली. "उतरतोय."

काटा खरंच उतरत होता. हळूहळू, बाबांच्या वेळी उतरायचा तसाच. मग फेरे शून्यावर आले. स्क्रीन विझली.

"चल," आई म्हणाली. "झालं."

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. दिवेलागणीला आई खाली जायची. समजावलं तर ऐकून घ्यायची आणि तरी जायची. सुखदाने चावी लपवली. आई खाली गेली, तर गाडीचं दार उघडंच मिळालं.

सलिल बंगळुरूहून फोनवर अक्कल शिकवायचा. स्टिरिओत डेमो मोड असेल, सेटिंगमध्ये बघ, व्हिडिओ पाठवतो. सुखदाने सगळी सेटिंगं पाहिली. स्टिरिओ पुसून कोरा केला. डबीची जोडणी काढली, पुन्हा केली, पुन्हा काढली. एका संध्याकाळी ऑफिसची मीटिंग कानात, टॉर्च दातात आणि ती स्टिअरिंगखाली उताणी. सलिल म्हणाला, विकून टाक ना गाडी. तिने फोन कट केला.

शेवटी थेरगावात, डांगे चौकाजवळ, ज्योतीरामच्या दुकानात तिने गाडी नेली. स्टिरिओ त्यानेच बसवला होता. बॅटरी पार उतरलेली, त्यामुळे शेजाऱ्यांच्या गाडीवरून करंट देऊन ती आधी चालू करावी लागली. ज्योतीरामने सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

"वायरिंग चोख हाय, ताई. तुमच्या वडिलांनी मला तीनदा उघडायला लावलं हुतं, चुकंल कसं?" त्याने डबी उपसून तिच्या हातावर ठेवली. "घ्या. आता डबीच न्हाई, तर आकडे येतील कुठनं? इंजिन काय फोन करून सांगणार हाय व्हय?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळी ती डबी पर्समध्ये घेऊनच आईमागोमाग खाली उतरली.

स्क्रीन उजळली.

फेरे आठशे...

तापमान वर.

सुखदाने पर्समधली डबी मुठीत आवळून धरली. आईने वळूनही पाहिलं नाही.

मग एका शनिवारी तिने वेगळंच केलं. आईला इंदुताईंकडे बसवलं आणि आपण एकटी जाऊन गाडीत बसली. डबी पुन्हा सॉकेटला लावली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. अंधार पडला. पार्किंगमधल्या ट्यूबा लागल्या. स्क्रीनवर एकच ओळ होती, उपकरण सापडले नाही. तिने पुन्हा शोधायला लावलं. सापडले नाही. पुन्हा. सापडले नाही.

"बाबा," ती एकदा म्हणाली. मग तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडून आई आत बसली. इंदुताईंना काहीतरी सांगून सटकली होती.

तबकड्या लागल्या.

त्या रात्री सुखदा आईशी बोलली नाही. तिला भीतीपेक्षाही दुसरंच काहीतरी वाटत होतं, आणि ते फार लाजिरवाणं होतं.

पण गोष्ट रुसव्याफुगव्यापुरती राहिली नाही. आईला मधुमेह. संध्याकाळी इन्शुलिन घेतलं, की लगेच जेवायला हवं. आई इन्शुलिन घ्यायची आणि खाली जाऊन बसायची. एका संध्याकाळी सुखदाला यायला उशीर झाला. गाडीत आई घामाने निथळत होती. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. साखर पार खाली गेली होती. रखवालदाराच्या डब्यातला गूळ आईच्या गालात धरून सुखदाने तिला शुद्धीवर आणलं. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ गेला असता तर हाती लागल्या नसत्या.

दुसऱ्या संध्याकाळी सुखदा पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊनच खाली उतरली.

आई बसली होती. तबकड्या चालू होत्या. काटा अजून वरच होता.

"तू वर चल."

"एवढा उतरू दे."

"आई, ते नाहीत. हे मशीन बिघडलंय. मला तू हवी आहेस."

आईने बोट वर केलं. थांब.

सुखदाने स्टिरिओभोवतीची पट्टी उचकटली. स्क्रू काढायला तिला धीर नव्हता, दोन्ही हातांनी ओढला. मागच्या वायरी ताणल्या आणि तुटल्या. स्क्रीन तिच्या हातात विझली.

विझेपर्यंत काटा वरच होता.

आई डॅशबोर्डातल्या चौकोनी भोकाकडे पाहत राहिली.

"अगं, गरम असताना बंद केलंस," एवढंच म्हणाली. मग आपणहून उतरली आणि वर गेली.

त्यानंतर आई पार्किंगमध्ये गेली नाही.

स्टिरिओ ज्योतीराम घेऊन गेला. पहिले काही दिवस सुखदा दिवेलागणीला श्वास रोखून असायची. पण आई घरातच असायची. देवापाशी दिवा लावायची. इन्शुलिन, मग लगेच जेवण. चेहऱ्यावर तजेला आला. सुखदाला वाटलं, जिंकलो.

मग तिच्या लक्षात आलं, की जेवण झाल्यावर आई आतल्या खोलीत जाते. बाबांच्या वेताच्या खुर्चीसमोर पलंगावर बसते. बोलत नाही. नुसती बसते.

संक्रांतीच्या सुमाराला कडाक्याची थंडी पडली होती. सुखदा स्वेटर घालून स्वयंपाकघर आवरत होती. आतून आईने हाक मारली.

"सुखदा, तेवढा पंखा लाव गं."

"थंडीत?"

"मला नको. ह्यांना गरम होतंय."

सुखदा उंबऱ्याशी आली. खुर्ची रिकामी होती. पण खोलीतून तोंडावर ऊब आली. कोरडी, जड... उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडल्यावर येते तशी.

ती खुर्चीजवळ गेली नाही. बटण दाबून पंखा लावला आणि बाहेर आली.

आता मार्च चालू आहे. आईची साखर ताब्यात आहे. सलिल म्हणतो, बघ, सुटला ना प्रश्न? सुखदा हो म्हणते. तिला त्या खोलीत कुणीही दिसलेलं नाही. ऐकूही आलेलं नाही. रोज संध्याकाळी ती फक्त पंख्याचा रेग्युलेटर फिरवून येते. सुरुवातीला दोनवर ठेवला होता. मग तीनवर. फेब्रुवारी संपेपर्यंत पाचवर.

काल आई आतून म्हणाली, "याच्या पुढे नाही का गं जात हा?"