हेप्सीची खुर्ची

हे रचलेलं नाही. मी स्वतः त्या खोलीत होते.

साल अठराशे छप्पन. फेब्रुवारीतला मंगळवार, आणि वेळ भर दुपारची. व्हरमाँटमधलं आमचं एल्मबरी गाव बर्फाखाली गाडलं गेलं होतं.

माझा मामा, अल्वा थर्लो, फोटो काढायचा. तेव्हा फोटो चांदीच्या पत्र्यावर, पाऱ्याची वाफ देऊन उमटवायचे. माणसाला अर्धं मिनिट पुतळ्यासारखं बसावं लागायचं.

मामाची लहानगी लेक हेप्सी कधीच तशी बसली नाही. प्रत्येक फोटोत तिच्या जागी नुसता धुरकट डाग.

"अगं भिंगरी, एकदा तरी थांब!" मामा हसत ओरडायचा.

म्हणून तो पापणी लवायच्या आत फोटो टिपणारा पत्रा शोधत बसला. तीन वर्षं. पाऱ्याच्या वाफेने त्याचे दात हलले, हात कापू लागले.

पत्रा साधला…

तेव्हा हेप्सी घशाच्या रोगाच्या साथीत दगावून अकरा दिवस झाले होते.

पहिला फोटो त्याने तिच्या रिकाम्या खुर्चीचा काढला.

पत्रा वाफेवर धरला. हळूहळू खुर्ची उमटली…

आणि खुर्चीत कुणीतरी. लहान. पाठमोरं.

लोविना मामीने पत्रा छातीशी कवटाळला. "आली! माझी हेप्सी आली!"

मग मामा रोज फोटो काढू लागला. खोलीत कुणी दिसायचं नाही. पावलाचा आवाजसुद्धा नाही. पत्र्यावर मात्र ती रोज मान जराशी वळवायची.

त्या मंगळवारी चेहरा दिसणार होता.

मामी खाली स्वयंपाकघरात होती. मी मामाच्या मदतीला उभी. त्याने पत्रा उजेडात धरला…

आणि मट्कन खाली बसला.

"काय झालं, मामा?"

"बघू नकोस, केझी. ही… ही हेप्सी नाही."

मी पाहिलं.

फ्रॉक हेप्सीचाच होता. चेहऱ्याबद्दल इतकंच सांगते, तो कुठल्याही लेकराचा नव्हता.

मामाने पत्रा घासून कोरा केला. कॅमेरा कुऱ्हाडीने फोडला. "यंत्र बिघडलं," एवढंच मामीला सांगितलं. एप्रिलमध्ये तो गेला. पाऱ्याने गेला, असं डॉक्टर म्हणाले.

मामीने खुर्ची जागची हलवली नाही. रोज दुपारी तिच्याशेजारी विणत बसायची. मध्येच थांबायची… कान द्यायची… आणि हसायची.

शेवटी मला राहवलं नाही.

"मामी, ती खुर्ची जाळून टाकू या. मामाने तुझ्यापासून लपवलं. ती हेप्सी नव्हती गं."

मामीच्या सुया थांबल्या नाहीत.

"ठाऊक आहे मला. आईला कळत नाही होय? पण येतं ना गं… कुणीतरी."

मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. मामी पुढे एकोणीस वर्षं तिथे राहिली.

गाव म्हणतं, बिचारी एकटीच गेली.

मला तसं म्हणवत नाही…