भरलेली वाघर

आमच्या अंगदला जीभ कुठं सोडावी आणि कुठं आवरावी हे बारावी होऊनही कळलं नाही. बायकोला ‘हट्’ म्हणतो आणि मेंढीला ‘बाई, सरक’ म्हणतो. मी चौथीतून उठलेली बाई, पण एवढं मला कळतं. त्याच्या जिभेनं काय झालं तेवढं सांगते. भुताखेताच्या गोष्टी सांगायला मी रिकामी नाही, आणि आता दमलेही आहे.

सुनेचा भाऊ जीवन. त्यानं जीप घेतली तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरत नाही. त्याच्या हौसेपायी आम्ही मालवणला गेलो. तो, त्याचे दोन-तीन मित्र, अंगद, सून सुकन्या आणि मी. मेंढरं मालकांवर, म्हणजे अंगदच्या बापावर, टाकली होती. माजलगाव धरणाच्या अंगाला बद्रीनाथरावांच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती.

होडीनं आम्हाला किनाऱ्याजवळच्या खडकावर नेलं. खडक पाण्याखाली, वर पोवळं वाढलेलं. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात नारंगी जाकीट घालून सगळे दोराला धरून पालथे तरंगायला लागले. मढी तरंगावीत तसे.

“मावशी, या की! लई झ्याक दिसतंय,” जीवन ओरडला.

“तूच बग. मी गोदागंगंच्या काठाला बसून अंघूळ करणारी बाई. समुद्रात तोंड घालायला मी काय मासा हाय?”

अंगद लवकर वर आला. नाववाला बाकीच्यांना परत बोलवायला शिट्ट्या मारत होता, पण कान पाण्यात असलेल्यांना काय ऐकू जाणार?

“थांबा,” अंगद म्हणाला. “आमच्या घरची हाक देतो. बगा कशी पळत येत्यात सगळी!”

मी त्याचं जाकीट धरलं. तोवर त्यानं हाक दिली होती.

धनगराच्या घराघराची हाक वेगळी असते. आमची नाकातून निघते आणि शेवटाला घशात मोडते. दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घ्यायला ती देतात. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. वाघरीचं तोंड उघडं ठेवायचं, हाक द्यायची, शेवटची मेंढी आत गेली की तोंड बांधायचं. मगच हाक देणाऱ्यानं भाकरीला हात लावायचा. वाघर नसताना ती हाक कुणी देत नाही. का, ते सासूनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पोरं हसत वर आली. सुकन्या तेवढी हसली नाही. होडीच्या काठाला धरून नुसती बघत राहिली.

“काय झालं गं?”

“आत्याबाई, खालचं शेवाळ दबत येत होतं. मेंढरं चालल्यावर गवत दबतं ना, तसं. आपल्याकडं.”

“लाट असंल.”

“लाटंनं हलतंय. हे दबत होतं. वर कुणीच नव्हतं.”

नाववाल्यानं अंगदकडं एकदा बघितलं आणि इंजिन सुरू केलं. किनाऱ्यावर अंगदनं मासे-भात खाल्ला. बोटं चाटून खाल्ला.

परतताना नांदूरघाटला चहाला थांबलो. हॉटेलापुढची कुत्री आमच्या जीपवर भुंकली नाहीत. जीपच्या मागं, रिकाम्या रस्त्याकडं बघून भुंकत होती. मग एकेक करून शेपूट घालून निघून गेली. जीवन म्हणाला, “माशाचा वास येतोय अंगाला.” मला पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं.

रानात पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. मालकांनी वाघर लावून ठेवली होती. अंगदनं तिचं तोंड उघडलं, हाक दिली. मेंढरं धावत आली आणि तोंडाशीच थबकली. पुढच्या आत जाईनात, मागच्या त्यांच्यावर चढायला लागल्या. अंगदनं एकीला उचलून आत टाकलं. ती अंग चोरून जाळीला चिकटली आणि उडी मारून बाहेर आली.

मालकांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. ते हळूच म्हणाले, “जागा न्हाई म्हणत्यात.”

वाघर रिकामी होती.

मेंढरं बाहेरच बसली. सकाळी एक मेंढी कमी होती. लांडग्यानं नेली, त्यात नवल काही नाही. वाघरीच्या आत मात्र माती ओली होती आणि जागोजाग दबलेली, जनावर बसून उठावं तशी. जाळी सगळीकडून बाहेर फुगली होती.

ऊन चढल्यावर ती माती पांढरी पडली. बद्रीनाथरावांनी चिमूट उचलून जिभेला लावली.

“म्हाळूबा, मीठ फुटलंय. कालव्याच्या पाण्यानं फुटतं, मला ठावं हाय. पर वाघरीएवढंच कावून?”

मालकांनी वाघरीच्या मेखा उपटायला घेतल्या. आम्ही रान बदललं. दुसऱ्याची वाघर मागून आणली. सगळं तेच. रोज हाक, रोज मेंढरं तोंडाशी उभी, आणि रात्री अंगद सवयीनं रिकाम्या वाघरीचं तोंड बांधायचा. लांडग्याला रोजची वाट कळली. कोकरं थंडीनं मरायला लागली. एवढा कळप गेला तर आमच्या घराला दुसरं काही नाही. अंगद म्हणायचा, “कपड्यांना खारा वास हाय, धुतल्यावर जाईल.” सुकन्यानं तेच कपडे पुन्हा पुन्हा धुतले.

परवा पहाटे मी स्वतः रानात गेले. मेंढरं बाहेर दाटीवाटीनं उभी होती.

“अंगद, तोंड सोड.”

“आई, आत हाय काय सोडायला?”

“सोड म्हणते ना.”

त्यानं दोरी सोडली.

वारं नव्हतं. फुगलेली जाळी तोंडाकडून सैल होत गेली.

आमची मेंढरं आपोआप दुभंगली. मधे वाट झाली. दुसऱ्याचा कळप जवळून जायला लागला की अशीच बाजूला होतात, माना वळवून बघत राहतात.

वाट लवकर मिटली नाही.

बराच वेळ मिटली नाही.

मग मेंढरं वाघरीत शिरली, एकामागं एक, कुणी न हाकता. अंगद माझ्याकडं बघत उभा होता. त्याच्या मागची माती ओली होत चालली होती.

मी घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. काठी हातात दिली.

“आई, समुद्रापतोर? पायी? एकटा?”

“एकटा कुठं हायस?” मी म्हणाले. “हाक तुझी, कळप तुझा. हळू चाल, गाभण असतील त्यांच्यात. आन् परत येताना कुणाला हाक मारू नगंस. मलाबी न्हाई.”