दाराबाहेरची ब्रिजिड

वर्षभर चर्चची पायरी चढायची नाही, मिस्साच्या प्रार्थनेचं नाव काढलं की नाक मुरडायचं, आणि संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मात्र डेरी शहराकडच्या बसमधून दारात टपकायचं! ही कुठली रीत? डिम्फना बटाटे कुस्करत होती आणि लेकीवरचा सगळा राग त्या भांड्यावर काढत होती.

"आई, भांड्याला पोचा येईल."

"येऊ दे. माझ्या घरातलं आहे, तुझ्या देवीच्या घरातलं नाही."

"देवी काय, संत काय, एकच गं ती," ब्रॉना म्हणाली. "तुमच्या फादरांच्या कितीतरी आधीपासून ब्रिजिड इथली आहे. आम्ही तिला..."

"तुम्ही टेकडीवर जाळ करून नाचता, ठाऊक आहे मला! आमची ब्रिजिड मठात राबायची, गाईंच्या धारा काढायची. तिला नाचायला सवड नव्हती, बये!"

ब्रॉना खळखळून हसली, आणि डिम्फनाच्या अंतःकरणात कळ उठली. अगदी बापासारखं हसते मेली!

तिचा नवरा फेलिम होता तेव्हा काय थाट असायचा या संध्याकाळचा! धाकटी लेक म्हणून ब्रॉनाच दरवर्षी ब्रिजिड व्हायची. डोक्यावर शाल, कवेत ओल्या लव्हाळ्याची जुडी... इवलीशी पोर अंधारात उभी राहून दार ठोठावायची, आणि आत फेलिम गुडघ्यांवर बसून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिचं स्वागत करायचा. मग त्याच लव्हाळ्याचे क्रूस विणायचे, लोण्याने थबथबलेल्या बटाट्यांवर ताव मारायचा... कुठे गेले ते दिवस! फेलिम गेला, लेकीने धर्म सोडून जुन्या देवीची कास धरली, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि तिने घरही सोडलं. रीत मात्र डिम्फनाने एकटीने ओढत नेली. स्वतःच बाहेर जायची, स्वतःच्याच रिकाम्या घराचं दार ठोठावायची, आणि आतून बोलायला कुणी नाही म्हणून स्वतःलाच 'ये' म्हणून आत यायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जीव गेला असता तरी सांगितलं नसतं!

"मी आणते लव्हाळा," ब्रॉनाने शालीला हात घातला.

"ठेव ती! जी मिस्साला येत नाही, ती माझ्या घरात ब्रिजिडला आणणार नाही."

ब्रॉनाचा चेहरा खर्रकन उतरला. डिम्फना शाल हिसकून तरातरा बाहेर पडली.

ओसरीच्या कोपऱ्यातली जुडी छातीशी धरून ती दारापुढे उभी राहिली, आणि ठोठावायला उचललेला हात तिने मागे घेतला. आज आत माणूस होतं! इतकं तोडून बोलल्यावर त्या माणसाने उत्तरच दिलं नाही तर? रिकाम्या घराचं मौन तिने सोसलं होतं... भरल्या घराचं कसं सोसणार होती?

तिने दार ठोठावलं. "गुडघे टेका... डोळे उघडा... ब्रिजिडला आत घ्या..."

आत सामसूम. वारा तेवढा शालीला झोंबत होता. मग एक हुंदका... आणि ब्रॉनाचा भरलेला आवाज, "ये गं माय, ये! केव्हाची वाट बघतेय!"

दार उघडलं. थंडगार फरशीवर लेक गुडघे टेकून बसली होती, गालांवरून आसवं ओघळत होती.

"आई... मी नव्हते तेव्हा तुला आतून कोण 'ये' म्हणायचं गं?"

जुडी डिम्फनाच्या हातून निसटली, आणि तिने लेकीचं मस्तक घट्ट पोटाशी धरलं. मग शालीने नाक पुसून तिने लेकीला दंडाला धरून उभं केलं.

"धर्म बुडवलास तू, हे मी मरेपर्यंत म्हणत राहणार, ऐकून घ्यायचं. पण पुढल्या वर्षी बाहेर तू उभी राहायचंस, ब्रॉना. आतून 'ये' म्हणायला मी आहे."