उजव्या दाराचं हँडल

सुखीबाई दारात दिसली तसा प्रफुल्ल मेश्राम स्वयंपाकघरात सटकला. चहा ठेवायचं निमित्त होतं. खरी गोष्ट अशी, की या बाईच्या नवऱ्यावर, खेमसिंगवर, चोरीचा आळ आला होता, आणि तो आळ पहिल्यांदा ज्या तोंडातून निघाला ते तोंड प्रफुल्लचं होतं.

बाहेरच्या खोलीत त्याची मावशी विमलताई बसली होती. एसटीच्या तपासणी पथकात तिने तीस वर्षं काढली. बिनतिकीट माणूस ती नुसत्या बसण्यावरून ओळखायची, अशी यवतमाळ आगारात तिची ख्याती. निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या भानगडी घेऊन तिच्याकडे येऊ लागले, आणि भाचा तिची स्कूटर चालवायला अन् शंका विचारायला सोबत राहू लागला. शंका तो पोत्याने विचारायचा.

"बाई, माह्या मालकानं काई नाई नेलं," सुखीबाई म्हणाली. दिग्रसजवळच्या तांड्यावरून पहिल्या गाडीने ती आली होती. "बावीस वर्सं झाले त्याईले धर्मपालभाऊच्या कारखान्यात. पॉलिशच्या चाकावर बसतेत. कधी एक खिळा घरी नाई आनला."

"काय गेलं?"

"शेठच्या लाल मोटारीच्या दाराचं हँडल. दोन आलते मुलामा चढवाले. एक गेलं. कुलूप काई तुटलं नाई, अन् चाब्या दोघाच्याचपाशी. एक भाऊपाशी, एक आमच्यापाशी."

"मंग धर्मपालवर काहून नाई आला आळ?"

सुखीबाईने पदराने तोंड पुसलं. "शेठले कोनंतरी फोनवर ह्याईचं नाव सांगतलं म्हन्ते. आज पाच वाजता शेठ ठान्यात जाते. एकदा ठान्यात नाव चढलं बाई, की तालुक्यात कोठीबी काई हरपलं त पोलीस आमच्याच दारात. माह्या सासऱ्याचा सारा जलम त्याच्यातच गेला."

स्वयंपाकघरात कपबशी खणकली. विमलताईने तिकडे पाहिलं.

दिग्रसच्या गाडीत प्रफुल्ल खिडकीबाहेर तोंड करून बसला. दोन हजार पाचची दिवाळी नुकतीच उलटली होती. एरवी या दिवसांत रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. त्या वर्षी भाव असा पडला होता, की रस्ता मोकळा सुटला होता. त्याला आठवत होतं ते सगळं हौसेने केलेलं काम. शेठ ओंकारदासजींना वडिलांची जुनी स्पोर्ट्स कार नीट करून नागपूरच्या एका शौकिनाला द्यायची होती. धर्मपाल प्रफुल्लचा वर्गमित्र. सायकलची रिमं आणि पोळ्याच्या बैलांच्या घंटा चमकवून त्याचं घर चालायचं, पण आता घंटा कोण घेतो? प्रफुल्लने मध्ये पडून गाडीच्या हँडलांना मुलामा चढवायचं काम त्याला मिळवून दिलं. धर्मपाल कचरत होता. "अबे, विलायती माल आहे, भरीव पितळ असते ते," प्रफुल्लने त्याला फोनवर धीर दिला होता. "घंटा करतं तसंच कर. घाबरतं कायले?" गाडी त्याने तेव्हा लांबूनच पाहिली होती, पण धीर मात्र भरभरून दिला.

मग मंगळवारी ओंकारदासजींचा फोन. हँडल गेलं, तुमच्या माणसाच्या कारखान्यातून गेलं, कोण असेल? आणि प्रफुल्ल एका दमात बोलून गेला होता, "धर्मपाल नाही शेठजी. खेमसिंग असेल, दुसरं कोण?"

एवढं एकच वाक्य, आणि आज तीन दिवसांनी ते सुखीबाईला घेऊन दारात आलं होतं.

ओंकारदासजींची कापसाची जिनिंग बंद होती. यंत्रांवर कापड टाकलेलं, आणि त्यांच्या मधोमध ती लाल मोटार, दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची. दोन्ही दारांत हँडलच्या जागी नुसती भोकं होती.

"उद्या नागपूरवाले येणार," ओंकारदासजी म्हणाले. "बिना हँडल की गाडी दाखवू का? बाबूजी या गाडीतून पूरा यवतमाळ फिरले. मला कोणाचं वाईट करायचं नाही ताई, पण चोरी ती चोरी."

"गेलं ते कोणत्या दाराचं?"

"उजव्या. किल्लीचं कुलूप त्याच हँडलमध्ये होतं. डावं साधं." त्यांनी खिशातून एक लहानशी किल्ली काढून दाखवली. "आता हिचं काय करू?"

"मला द्या संध्याकाळपर्यंत," विमलताई म्हणाली. "आणि मुलामा द्यायचा होता तो कशामुळे?"

"फोड आले होते जागोजागी. वरची चमक उकलून आली होती."

बाहेर पडल्यावर प्रफुल्लने पहिली शंका काढली. "मावशी, शेठनंच नेलं असेल त? नागपूरवाल्याले भाव कमी करू द्याचा नसेल म्हणून..."

"हँडल गेलं म्हणजे भाव कमीच होते, वाढत नाही," विमलताई म्हणाली. "तू त्याच्यापेक्षा हा विचार कर. दोन हँडल शेजारी शेजारी होते. चोर दोन्ही काहून नेत नाही?"

धर्मपालचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एका भिंतीला पॉलिशचं चाक, दुसऱ्या भिंतीला चार टाक्या आणि फळीवर न विकलेल्या घंटांची ओळ. धर्मपालने "जयभीम मावशी" केलं, खुर्ची पुसली, आणि प्रफुल्लकडे पाहायचं टाळलं. प्रफुल्लला वाटलं, मी नाव घेतलं हे याला कळलं असावं. त्यानेही मान खाली घातली.

"सोमवारी सांजच्याले दोन्ही फळीवर होते," धर्मपाल म्हणाला. "मंगळवारी आठले मी कुलूप उघडलं, त एकच."

"आधी कोण आलं?"

"मीच. खेमसिंगकाका नवाले येतेत."

"काकावर तुहा संशय आहे?"

धर्मपालने फडक्याला हात पुसले. "मी कोनाचं नाव नाई घेतलं, मावशी."

विमलताईने उरलेलं डावं हँडल उचललं. एका तळहातावर ते आणि दुसऱ्यावर तेवढ्याच आकाराची एक घंटा, असं तिने दोन्ही हात वरखाली केले. मग हँडल उलटं करून आतल्या बाजूला नखाने नाही, पर्समधल्या पिनेने ओरखडा काढला. ओरखडा राखाडी पांढरा उमटला. तिने ते प्रफुल्लच्या हातात दिलं.

"हलकं वाटते नाई?" तो म्हणाला, आणि परत ठेवून दिलं.

पहिली टाकी कोरडी होती. तिच्यावर आडव्या दांडीला तांब्याच्या तारेचे आकडे टांगलेले. विमलताईने विचारलं, "ही कायची?"

"तेजाबाची, ॲसिडची. जुना मुलामा उतरवाले. मेलं होतं तेजाब, मंगळवारी ओतून देल्लं."

खेमसिंग बाहेर निंबाच्या झाडाखाली बसला होता. मिशा पांढऱ्या, बोटांत पॉलिशचा काळा मसाला कायमचा मुरलेला. मंगळवारपासून त्याला कोणी चाकावर बस म्हटलं नव्हतं आणि घरी जा असंही म्हटलं नव्हतं.

"काका, तेजाब कधी भरलं होतं टाकीत?" विमलताईने विचारलं.

"आयतवारी. म्याच भरलं, नवं कॅन फोडून."

"किती दिवस चालते?"

"घंटा बुडवल्या त म्हयना जाते." बोलून गेल्यावर तो एकदम थांबला. "काम जास्त असलं त लवकर बी मरते," असं त्याने जमिनीकडे पाहून जोडलं.

"सोमवारी घरी जाताना तुमच्या हातात काय होतं?"

"भाकरीचा डबा."

"मंगळवारी आल्यावर काय पाह्यलं?"

"काई नाई पाह्यलं, बाई." हे त्याने इतक्या घाईने म्हटलं, की प्रफुल्लच्या मनात आशा उसळली. माणूस खोटं बोलत होता! म्हणजे आपण नाव घेतलं ते बरोबरच. या आशेचीच त्याला लगेच लाज वाटली, पण आशा आली होती एवढं खरं.

विमलताई कारखान्याच्या मागे गेली. तिथे काळ्या मातीवर हरळी माजली होती, फक्त मोरीच्या तोंडापासून दोन हात जागा जळून पिवळी पडलेली. ती खाली वाकली. गवतात लसणाच्या सालीसारखे पातळ तुकडे विखुरले होते, एका अंगाने पांढरे, दुसऱ्या अंगाने तांबडे.

"दिवाळीच्या फटाक्याचे कागद," प्रफुल्ल म्हणाला.

"मोड बरं एक."

त्याने मोडला. तो कागदासारखा फाटला नाही, कट्कन तुटला. विमलताईने हातातल्या छत्रीच्या टोकाने माती उकरली, बोटाच्या पेराएवढी एक तांबूस नळी उचलून पदराला पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"चार वाजले," ती म्हणाली. "सगळ्याईले घेऊन जिनिंगवर चाल."

लाल मोटारीभोवती ते उभे राहिले: ओंकारदासजी, धर्मपाल, खेमसिंग आणि मागच्या गाडीने पोचलेली सुखीबाई. प्रफुल्ल सगळ्यांच्या मागे.

"ओंकारदासजी, तुमचं हँडल कोणी नेलं नाही," विमलताई म्हणाली. "ते कारखान्यातून बाहेर पडलं, पण मोरीतून."

"मतलब?"

"वरून चमक, तिच्याखाली निकेल, त्याच्याखाली तांबं. आणि आत? धर्मपाल जन्मभर पितळ हाताळतो. पितळ तेजाबात रात्रभर बुडवलं तरी त्याला काही होत नाही, नुसता मळ निघतो. पण हे हँडल घंटेपेक्षा हलकं भरलं, आणि ओरखडा पिवळा न उमटता राखाडी उमटला. हे जस्ताचं ओतकाम आहे. जस्त तेजाबात पडलं की साखर पाण्यात पडल्यासारखं जातं. वरच्या फोडांतून तेजाब आत शिरलं, आतलं जस्त सगळं खाल्लं, आणि तांब्या-निकेलचं नुसतं टरफल राहिलं. ती टरफलं मागच्या गवतात पडली आहेत. फटाक्याचे कागद नव्हेत ते."

प्रफुल्लचे कान तापले.

"आयतवारी भरलेलं तेजाब घंटांवर महिना चालतं. ते मंगळवारी मेलं कशाने? एवढं जस्त खाऊन मेलं. चोर दोन्ही हँडल काहून नेत नाही, हे मला सकाळपासून कळत नव्हतं. पण जपून काम करणारा कारागीर काय करतो? आधी एकच बुडवून पाहतो."

"अंदाज आहे सगळा," ओंकारदासजी म्हणाले.

विमलताईने पर्समधून ती तांबूस नळी काढली. "कुलपाचा गाभा पितळेचा होता. तो वाचला. पितळेतलं वरवरचं जस्त तेवढं उतरून लाल पडलाय." तिने शेठच्या किल्लीचं टोक नळीत घातलं. किल्ली कुरकुरली, अडली, आणि फिरली.

 मग धर्मपाल मोटारीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला.

"सोमवारी काका गेल्यावर टाकलं," तो म्हणाला. "सकाळी पाह्यलं त आकड्याले काईच नाई. वडिलापासून तीस वर्सं तेजाबाचं काम, अन् मले धातू वळखता आला नाई! हे कोनाले सांगू? चोरी झाली म्हटलं. वाटलं, कोनी कोनाचं नाव घेनार नाई, दोन दिवसांत मिटन. मंग काकाचं नाव आलं, अन् माही जीभच उचलली नाई."

"पण पितळ आहे हे तू पाहूनच ठरवलं ना?" विमलताईने विचारलं.

धर्मपालने डोकं वर केलं नाही. मित्राचं नाव घ्यायला तो तयार नव्हता. प्रफुल्लला ते कळलं आणि तो पुढे आला.

"मी सांगितलं त्याले पितळ आहे म्हणून," तो म्हणाला.  "गाडी पाह्यली बी नव्हती नीट. अन् शेठजी, फोनवर खेमसिंगकाकाचं नाव..."

"तुम्हीच घेतलं होतं," ओंकारदासजी थंडपणे म्हणाले.

सुखीबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. सकाळी तिने ज्याच्या हातचा चहा घेतला तोच हा माणूस, हे तिच्या ध्यानात येत असावं.

पुढचं विमलताईने उरकलं. ठाण्यात कोणी जायचं नाही. डाव्या हँडलवरून धर्मपालने उजवं पितळेचं घडवून द्यायचं; नागपूरवाल्याला आठ दिवस थांबवायचं. ओंकारदासजींनी खेमसिंगपुढे हात जोडले. धर्मपाल तर त्याच्या पायावरच पडला, आणि खेमसिंगने त्याला दंडाला धरून उठवलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं," विमलताई म्हणाली. "मंगळवारी तुम्ही मागचं गवत पाहिलं होतं."

"पाह्यलं होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"याचं नाव गेलं असतं त कारखाना बंद पडला असता, बाई. यानं बावीस वर्सं माह्या पोटाले देल्लं." खेमसिंगने मिशीवरून हात फिरवला. "अन् वाटलं, आज नाई त उद्या हा सोताच बोलन."

जिनिंगच्या फाटकाबाहेर प्रफुल्लने त्याला गाठलं. माफीची तीन-चार वाक्यं त्याने मनात जुळवली होती.  खेमसिंगच आधी बोलला.

"धर्मपालचं मले समजते. भेला तो. पन तुमाले कायचं भेव होतं? तुमी मले दोनदाच भेटले. मंग माहं नाव काहून घेतलं?"

प्रफुल्लच्या डोळ्यांपुढे स्वतःचा बाप आला. गावात कोणाचंही काही हरवलं की पाटलाच्या वाड्यावर सगळ्यात आधी त्याला बोलावणं यायचं, आणि घरी परतल्यावर तो दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. काही विचार न करता बोलून गेलो, असं सांगता आलं असतं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

"तुमी तांड्यातले म्हणून," तो म्हणाला.

खेमसिंगने मान हलवली. रागावला असता तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं. पलीकडे रस्त्यावर सुखीबाई उभी होती. ती दोघांकडे पाठ करून गाडीची वाट पाहत होती.

"खरं बोलले," खेमसिंग म्हणाला. "आता जा तुमी. यवतमाळची गाडी निंगाची वेळ झाली."